डग्लस फरच्या सुया गळतायत, पण स्विस नीडल कास्ट की रॅब्डोक्लाइन?

डग्लस फर, म्हणजे सुयांसारखी पानं असलेलं उंच झाड, पिवळा पडून विरळ व्हायला लागला की लोक 'नीडल कास्ट झालाय' म्हणून मोकळे होतात. पण ते काही एकाच रोगाचं नाव नाहीये, सुया गळवणाऱ्या बऱ्याच बुरशीजन्य रोगांना तसं म्हणतात, आणि या झाडावर त्यातले दोन नेहमी दिसतात, स्विस आणि रॅब्डोक्लाइन. दोन्ही बुरशा वसंतात फुटलेल्या कोवळ्या सुयांनाच लागतात आणि रोग जोरात असला की दोन्हीत फांदीला फक्त नव्या सुया उरतात, म्हणून घोळ होतो. झाडाच्या आत जे चालतं ते मात्र एकदम वेगळं आहे.

आधी स्विस बघू. नाव स्विस, कारण १९२५ साली स्वित्झर्लंडमधल्या लागवडीत तो पहिल्यांदा नोंदला गेला, पण बुरशी मूळची उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडची, म्हणजे डग्लस फर जिथला तिथलीच. ही सुईच्या पेशी मारत नाही, पेशींच्या मधल्या जागेत पसरते आणि मग बीजाणू तयार करणारे तिचे काळे ठिपके नेमके पर्णरंध्रातूनच वर येतात, बाटलीला बूच बसावं तसं रंध्र बंद होतं. रंध्र बंद म्हणजे कार्बन डायऑक्साइड आत जाणार नाही, म्हणजे अन्न तयार होणार नाही, सुई हिरवी, जिवंत, मुळाशी भरपूर पाणी, तरी झाड उपाशी. साधारण निम्मी रंध्रं बुजली की झाड ती सुई टाकून देतं. जुन्या सुयांवर बूचं जास्त म्हणून त्या आधी जातात, निरोगी झाड तीन-चार वर्षांच्या सुया बाळगतं तिथे आजारी झाडाकडे एक-दोन वर्षांच्याच उरतात. झाड सहसा मरत नाही, पण उंची आणि खोडाची जाडी दोन्ही अडतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर, टिलामूकच्या बाजूला वगैरे, तरुण लागवडींची मोजणी केली तेव्हा लाकडाची वाढ सरासरी २३ टक्क्यांनी कमी निघाली, सगळ्यात वाईट ठिकाणी ५० टक्क्यांच्या वर. मला हे फार वाईट वाटतं, कारण लांबून बघितलं तर जंगल उभंच दिसतं, जरासं पिवळट एवढंच.

तिथे हे एवढं का वाढलं, तर हिवाळा उबदार असला की बुरशी सुईत जोरात वाढते आणि मे ते जुलै सुया ओल्या राहिल्या की नवीन लागण सोपी जाते, किनाऱ्यावर दोन्ही मिळतं. त्यात डग्लस फरच डग्लस फर लावलेला.

रॅब्डोक्लाइन सुईच मारतो. लागण झालेल्या सुईवर हिवाळ्यापर्यंत पिवळे आणि मग लालसर तपकिरी डाग दिसतात, ठिगळं लावल्यासारखे, मध्येमध्ये हिरवं. पुढच्या वसंतात सुईच्या खालच्या बाजूची साल लांबट फाटते, आतून नारिंगी-तपकिरी भाग दिसतो, बीजाणू उडतात आणि उन्हाळ्यात सुया गळतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या सुया गेल्या. याची झळ ख्रिसमस ट्रीच्या शेतांना जास्त, त्यातही रॉकी पर्वतांकडच्या बियाण्याला. आणि एकाच ओळीत एक झाड लालभडक, शेजारचं हिरवंगार असं दिसतं, कारण ज्याच्या नव्या सुयांच्या कळ्या बीजाणू उडायच्या वेळी फुटल्या नाहीत ते वाचतं. स्विसमध्ये सहसा अख्खा पट्टाच फिकट पडतो.

खात्री करायची तर भिंग घ्या आणि सुई उलटी करा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना काळ्या ठिपक्यांच्या ओळी म्हणजे स्विस, तपकिरी ठिगळं आणि फाटलेली साल म्हणजे रॅब्डोक्लाइन.

हे ओळखणं शेतात खरंच महत्त्वाचं आहे, कारण स्विसला नवे कोंब थोडे लांबले की एक फवारणी बऱ्याचदा पुरते, रॅब्डोक्लाइनला कळी फुटताच सुरू करून पुन्हा पुन्हा मारावं लागतं. डोंगरभर जंगलात फवारणी परवडत नाही, म्हणून किनाऱ्यालगत आता डग्लस फरसोबत वेस्टर्न हेमलॉक हे दुसरं सुयांचं झाड लावतात, त्याला स्विस लागतच नाही.