भांड्यांच्या गर्दीतला एक तांब्या

गेल्या रविवारी आईच्या टॅबवर बारापैकी अकरा वस्तू सापडल्या होत्या. चित्र एका जुन्या हवेलीच्या दिवाणखान्याचं होतं: घड्याळं, पिंजरे, बाहुल्या, जाड पडदे, नुसता पसारा. यादीत एकच इंग्रजी शब्द उरला होता, ‘बो’. आम्ही मायलेकी वीस मिनिटं धनुष्य शोधत बसलो.

पसाऱ्यात लपवलेल्या वस्तू शोधायचे हे खेळ आईनं निवृत्तीनंतर धरले. तिच्याशेजारी बसता बसता मलाही त्यांचा लळा लागला. समोर असलेली वस्तू दिसत का नाही, हा प्रश्न मला खेळापेक्षाही जास्त छळू लागला, म्हणून वाचायला घेतलं.

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. एका वेळी साधारण तेवढ्याच जागेतलं आपल्याला बारकाईनं दिसतं. दृष्टिपटलाच्या मध्याशी एक इवलासा खळगा असतो, तीक्ष्ण नजर तेवढ्या जागेची. बाकीचं सगळं धूसर. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत असतात आणि त्या तुकड्यांतून अख्खं चित्र दिसत असल्याचा भास मेंदू उभा करतो. वस्तू समोर असते, पण उडी तिच्यावर पडलेली नसते.

उडी कुठे मारायची हे कसं ठरतं? १९८० साली अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी याचा एक सुरेख उलगडा मांडला. तो मला आपल्या भांडी बाजारात नेऊन सांगावासा वाटतो. स्टीलच्या भांड्यांच्या दुकानात एकच तांब्याचा तांब्या ठेवला, तर तो आपणहून डोळ्यांत भरतो. भांडी वीस असोत की दोनशे, वेळ जवळजवळ तेवढाच लागतो, कारण एकट्या रंगावरून निवड होते. आता त्याच तांब्याभोवती तांब्याचे पेले आणि पितळी तांबे मांडा. रंग पेल्यांशी जुळतो, आकार पितळेशी. दोन्ही खुणा एकाच वस्तूत आहेत का, हे भांड्यागणिक तपासावं लागतं आणि भांडी वाढतील तसा वेळ वाढतो. जेरेमी वुल्फ यांनी पुढे दाखवलं की हा शोध अगदी आंधळाही नसतो. ‘तांबूस’ आणि ‘पोटाला फुगीर’ या खुणा धरून मेंदू उड्यांना दिशा देत राहतो.

चांगला चित्रकार नेमक्या या खुणा चोरतो. मासा पडद्याच्या नक्षीत, साप दोरांच्या गुंडाळीत. शिवाय तो जागेची सवयही मोडतो. घरात सांडशी हवी असली तर नजर आधी गॅसच्या ओट्याकडे जाते, छताकडे नाही. अर्विंग बीडरमन यांनी १९७२ मध्ये नेहमीच्या दृश्यांचे तुकडे करून ते विस्कटले, तेव्हा त्यांतल्या ओळखीच्या वस्तूही लोकांना ओळखायला कठीण गेल्या. खेळात कात्री झाडाच्या फांदीत असते. ती सापडली की आई टाळीच वाजवते. मला हा आनंद अगदी खरा वाटतो, कारण तिथं तिनं स्वतःच्याच सवयीला मागे टाकलेलं असतं.

शब्दाचा खेळही मोठा आहे. शोधताना आई ‘किल्ली, किल्ली’ असं पुटपुटते. गॅरी लुप्यान आणि डॅनियल स्विंगली यांनी २०१२ मध्ये हेच तपासलं. वस्तूचं नाव स्वतःशी मोठ्यानं म्हटल्यानं ती सापडायला मदत होऊ शकते, मात्र नावासरशी डोळ्यांपुढे येणारं रूप आणि चित्रातलं रूप जुळायला हवं. जुळलं नाही तर तेच नाव आड येतं. आम्ही ‘बो, बो’ म्हणत धनुष्याची कमान डोळ्यांपुढे धरून बसलो होतो. चूक नजरेची नव्हती. शब्दाचा एकच अर्थ धरला होता, त्याची होती. इंग्रजी यादीवर खेळणाऱ्या मराठी माणसाचा हा त्रास मला अन्यायाचा वाटतो. मराठी याद्या हव्यात, आणि त्या नीट बघून केलेल्या हव्यात.

नजर पोहोचली तरी दिसेलच असंही नाही. २०१३ मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घुसवलं. ते नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं होतं. गाठी शोधणाऱ्या २४ रेडिऑलॉजिस्टांपैकी २० जणांना ते दिसलं नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर थेट त्या जागेवरून गेली होती. डोळे ‘गाठ’ मागत होते, गोरिला नव्हे.

त्याहून मला अस्वस्थ करतो तो वुल्फ आणि सहकाऱ्यांचा २००५चा प्रयोग. बॅगांच्या एक्स-रेसारख्या चित्रांत हवी ती वस्तू निम्म्या वेळा असेल, तर लोकांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा सुटत होती. शंभरात एकदाच असेल, तर सुमारे ३० टक्के वेळा. ‘नसेलच’ म्हणून मन लवकर उठतं. निफाड-पिंपळगावकडच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांचे घड हातात फिरवत, एखादा चिरलेला मणी कात्रीनं काढणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. खराब मणी जितका विरळा, तितकं त्यांचं काम नजरेला अवघड असणार, असं हा प्रयोग वाचल्यापासून मला वाटतं. खेळात यादी तुम्हाला शब्द देते की वस्तू आहेच. त्या भरवशावरच माणूस वीस मिनिटं टिकतो.

म्हणून खेळ तो भरवसा मोडतो तेव्हा राग येतो. टाचणीएवढी वस्तू काळ्यावर काळी करून ठेवणं ही लपवण्याची कला नव्हे. ‘एनर्जी संपली, पैसे भरा’ हे तर कोडंच नव्हे. आणि ‘यानं डोकं तल्लख राहतं’ हा आईचा दावाही मी तपासला. डॅनियल सायमन्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मेंदूच्या व्यायामाच्या खेळांवरचे पुरावे चाळले. त्या त्या खेळात हात बसतो, पण रोजच्या व्यवहारातली स्मरणशक्ती किंवा बुद्धी त्यामुळे वाढते याला आधार तोकडा. मी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “नसेल वाढत. मला शोधायला आवडतं गं.”

‘बो’ तिलाच सापडला. चहा टाकून आली, टॅब हातात घेतला आणि बाहुलीच्या केसांतल्या फितीच्या फुलावर बोट ठेवलं. पुढचं चित्र बंदराचं निघालं. यादीतला पहिला शब्द वाचून तिनं चष्मा वर सरकवला. “सील म्हणजे शिक्का की तो पाण्यातला प्राणी?”

“दोन्ही शोधू,” मी म्हणाले.