महालक्ष्मी यात्रा (बेळगाव सीमाभाग)

बेळगाव आणि खानापूर तालुक्यातल्या गावांत ग्रामदेवी महालक्ष्मीची जी मोठी यात्रा भरते तिला इकडं नुसतं लक्ष्मी यात्रा म्हणतात, किंवा "यंदा आमच्या गावात लक्ष्मी हाय" एवढंच सांगतात, समोरच्याला कळतंय. ही दरवर्षीची जत्रा नव्हे. कुठं 5 वर्षांनी येते, कुठं 9, कुठं 12, आणि काही गावांत तर त्याहून जास्त वर्षं मध्ये जातात. नंदगडला 2025 च्या फेब्रुवारीत झाली ती 24 वर्षांनी, म्हणजे मागच्या वेळी पाळण्यात असलेली पोरं या वेळी रथाचे दोर ओढायला उभी. कानडी गावांत हीच देवी द्यामव्वा म्हणून पुजतात आणि विधीही बरेचसे तेच.

मुळात ही यात्रा म्हणजे देवीचं लग्न आहे, हे ध्यानात ठेवलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. लाकडी मूर्ती आधी सुताराकडं जाते, नवा रंग चढतो. यात्रेआधी काही आठवडे गाव वार पाळतं, म्हणजे ठरलेल्या वारी शेतातली कामं बंद, बैल जुंपायचा नाही. इकडं घरोघरी रंगकाम, अंगणात मांडव, मुंबई-पुणे-गोव्यात नोकरीला असलेल्यांची रजेची धावपळ, आणि वर्षानुवर्षं रखडलेला रस्तासुद्धा यात्रेच्या तोंडावर होऊन जातो. मग ठरलेल्या मुहूर्ताला, बऱ्याच गावांत सूर्योदयालाच, देवीवर अक्षता पडतात. आख्खं गाव वऱ्हाडी.

लग्न लागलं की होन्नाट, म्हणजे मूर्ती मानकऱ्यांच्या खांद्यावर, गल्लोगल्ली देवी खेळवतात, भंडारा इतका उधळतात की माणसं, भिंती, वाटेतल्या गाड्या सगळं पिवळंधमक होऊन जातंय. नंतर रथ. तो उंच असतो म्हणून हेस्कॉमची, म्हणजे इकडच्या वीज कंपनीची, माणसं वाटेतल्या तारा सोडतात, लाईट जाते, आणि त्या दिवशी लाईट गेली म्हणून कोण तक्रार करत नाही. शेवटी देवी गदगेवर बसते, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत बांधलेल्या चौथऱ्यावर, आणि यात्रा संपेपर्यंत तिथंच ओटी भरायला रांगा. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, हिरव्या बांगड्या. माहेरवाशिणींचा हा खरा सण, दिवाळीला आल्या नाहीत तरी चालतंय, लक्ष्मीला यायलाच पाहिजे. जेवणावळींचं तर विचारूच नका, ओळखीच्या माणसाबरोबर आलेला अनोळखी पाहुणाही जेवल्याशिवाय सुटत नाही, एक दिवस पुरणपोळीचा आणि पुढं मटणाचा. या पाहुणचारापायी कर्ज काढणारी घरं आहेत आणि ते थांबायला हवं असं मनापासून वाटतं. आता काही गावांत लोक बैठक घेऊन खर्चाला आवर घालतायत, चांगलं आहे.

रथ बघून परत जाणाऱ्यांना निम्मी यात्रा कळतच नाही, कारण लग्नाचा शेवट आगीत आहे. शेवटच्या दिवशी देवी गदगेवरून उठून गावच्या सीमेकडं निघते आणि तिच्यासाठी उभारलेली झोपडी, काही गावांत तिला मातंगीची झोपडी म्हणतात, पेटवून देतात. लोककथा अशी की देवी ब्राह्मणाची लेक, खालच्या मानलेल्या जातीतल्या पुरुषानं जात लपवून तिच्याशी लग्न केलं, खरं कळल्यावर तिनं घर पेटवलं आणि पळून रेड्याच्या अंगात शिरलेल्या नवऱ्याला मारलं. हल्ली कथा सांगताना जातीचा भाग गाळतात, पण तो गाळला तर झोपडी का जळते आणि रेडा कुठनं आला हेच कळत नाही. शिवाय ही यात्रा चालते ती पाटील, जोशी, सुतार, मातंग अशा सगळ्यांच्या हक्काच्या मानावर, एक मानकरी अडून बसला तर देवी जागची हलत नाही. ज्यांच्या पूर्वजांना कथेत दोषी धरलंय त्यांच्या हातचा मान देवीला लागतोच, हे दोन्ही एकत्र नोंदवायला पाहिजे.

कथेतल्या त्या रेड्यापायीच पूर्वी रेड्याचा बळी द्यायचे. कर्नाटकात 1959 च्या कायद्यानं देवस्थानच्या आवारात आणि देवाच्या नावानं पशुबळीला बंदी आहे, यात्रेच्या वेळी पोलीस बंदोबस्त असतो, आणि बऱ्याच ठिकाणी आता कोहळा फोडून विधी पुरा करतात.