गाळलेला शब्द आणि शेवटचं ‘नाही’

स्पर्धा परीक्षेच्या मराठीच्या पेपरात सहज शोभेल असा एक प्रश्न घेऊ.

‘इतक्या वर्षांच्या मैत्रीनंतरही त्याच्या बोलण्यात मला ______ जाणवला नाही.’ पर्याय चार: आपुलकी, कोरडेपणा, ओलावा, थकवा.

चारही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत, त्यामुळे शब्दसंग्रह मोठा असल्याचा इथे काही उपयोग नाही. ‘मैत्री’ वाचताच मन ‘आपुलकी’कडे धावतं. पण पुढे ‘जाणवला’ आहे आणि आपुलकीला ‘जाणवली’ लागतं, म्हणजे ती बाद. घाईत वाचणारा आता ‘नाही’कडे बघतो, नकार म्हणजे काहीतरी वाईट असं ठरवतो आणि ‘कोरडेपणा’वर खूण करतो. खरी मेख ‘नंतरही’ मधल्या ‘ही’त आहे. मैत्रीतून जे मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, असं हे वाक्य सांगतं. मैत्रीतून मिळायला हवा होता तो ओलावा, म्हणून उत्तर ‘ओलावा’. आता ‘मैत्रीनंतरही’ खोडून ‘दुराव्यानंतरही’ लिहा. बाकी एक अक्षरही न बदलता उत्तर ‘कोरडेपणा’ होतं.

हा प्रश्नप्रकार पेपर काढणाऱ्यांची सोय म्हणून जन्माला आला असं वाटणं साहजिक आहे. त्याचा इतिहास मात्र मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतून सुरू होतो. १८९० च्या दशकात ब्रेस्लाऊ शहरात (तेव्हा ते जर्मनीत होतं, आता पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) शाळा सकाळी सलग पाच तास भरत. त्यात मुलं किती थकतात, हे शोधण्याचं काम हेर्मान एबिंगहाउस यांच्याकडे आलं. विस्मरणावरच्या प्रयोगांमुळे त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. त्यांनी मुलांना आकडेमोड दिली, अंक लक्षात ठेवायला सांगितले आणि तिसरी परीक्षा म्हणून शब्द आणि शब्दांचे तुकडे गाळलेला उतारा भरायला दिला. हुशार आणि मागे पडणारी मुलं सर्वांत स्पष्टपणे वेगळी दिसली ती या तिसऱ्या परीक्षेत. एबिंगहाउस यांनी हे १८९७ मध्ये प्रसिद्ध केलं. विखुरलेल्या तुकड्यांतून अर्थपूर्ण अखंड गोष्ट उभी करणं हेच बुद्धीचं मुख्य काम, असं त्यांचं म्हणणं होतं. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ च्या आपल्या प्रसिद्ध बुद्धिमापन चाचणीत हा प्रकार उचलला. तिथून तो जगभरच्या परीक्षांत पसरला.

१९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने हेच तंत्र उलट्या दिशेने वापरलं. त्याला मोजायचा होता मजकूर, वाचणारा नव्हे. कोणता उतारा सोपा आणि कोणता अवघड, हे ठरवण्याची त्या काळातली सूत्रं वाक्यांची आणि शब्दांची लांबी मोजत. टेलरने उताऱ्यातले शब्द ठरावीक अंतराने गाळले आणि वाचकांना नेमके किती शब्द परत आणता येतात ते मोजलं. अमेरिकी लेखिका गर्ट्रूड स्टाइनच्या गद्यात शब्द अगदी छोटे आणि साधे असतात, म्हणून सूत्रांच्या हिशेबाने तो उतारा सोपा ठरत होता. वाचकांना मात्र त्यातल्या जागा भरता आल्या नाहीत. सुटा शब्द सोपा असला तरी त्याच्या मागून कोणता येईल याचा अंदाज बांधता आला नाही, तर वाचणं अवघडच. ‘क्लोझ’ नावाच्या या चाचणीची देणगी म्हणजे एक साधं माप: एकाच जागी किती टक्के लोक तोच शब्द लिहितात. ‘शेवटी त्याचं बिंग ______’ इथे जवळजवळ सगळे ‘फुटलं’ लिहितील. ‘काल बाजारातून मी ______ आणली’ इथे भाजी, मासळी, साडी, चप्पल यांपैकी काहीही येईल. फक्त ‘आणली’शी जुळायला हवं.

मेंदूत नेमकं काय घडतं हे कळायला १९८० साल उजाडलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून त्यांना पडद्यावर एकेक शब्द दाखवत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम विचित्र ठेवला होता. ‘त्याने गरम पावाला मोजे फासले’ अशा थाटाचं त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे. ‘मोजे’ दिसल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी विद्युतलहरीत ऋण दिशेचा एक ठळक फुगवटा दिसला. त्याला ‘एन-४००’ म्हणतात. शब्द अर्थाला धरून असला पण अचानक मोठ्या टायपात छापला, तर लहर उलट, धन दिशेला गेली. म्हणजे ही नुसत्या दचकण्याची खूण नव्हती, तिचा संबंध अर्थाशी होता. चार वर्षांनी त्याच दोघांनी दाखवलं की फुगवट्यासाठी वाक्य हास्यास्पद असावंच लागत नाही. शब्द बसणारा असला, पण लोकांनी रिकाम्या जागी तो क्वचितच लिहिला असता, तरी फुगवटा येतो. टेलरच्या टक्केवारीत शब्द जितका खाली, तितका फुगवटा मोठा.

मग मेंदू पुढचा नेमका शब्द आधीच हेरून ठेवतो का? इथे संशोधकांत वाद आहे. इंग्रजीत पुढच्या शब्दाच्या उच्चारानुसार आधीचं ‘अ’ की ‘अॅन’ ठरतं. अपेक्षित नामाशी न जुळणारं उपपद दिसताच, म्हणजे नाम यायच्याही आधी, मेंदू अडखळतो असं २००५ मध्ये जाहीर झालं होतं. २०१८ मध्ये नऊ प्रयोगशाळांनी मिळून ३३४ लोकांवर तोच प्रयोग केला, तेव्हा नामापाशीचा परिणाम स्पष्ट दिसला, उपपदापाशीचा मात्र सापडला नाही. मराठीत असा प्रयोग करायला जागाच जागा आहे. ‘तिने कपाटातून जुनी’ एवढं ऐकलं की पैठणी, वही, पत्रिका शिल्लक राहतात आणि डबा, पुस्तक, फोटो गळतात. आपली विशेषणं आणि क्रियापदं रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंनी नामाचं लिंग आणि वचन सांगत असतात. पेपर सोडवताना पहिली कात्री इथेच लावावी, कारण इथे अर्थाचा वादच नसतो.

आता ‘नाही’कडे वळू. १९८३ मध्ये आयरा फिशलर आणि सहकाऱ्यांनी अगदी बाळबोध वाक्यं वापरली. ‘रॉबिन हा पक्षी आहे’, ‘रॉबिन हे झाड आहे’ आणि या दोन्हींची नकारार्थी रूपं. ‘रॉबिन हे झाड आहे’ मध्ये ‘झाड’ला मोठा फुगवटा आला, यात नवल नाही. पण ‘रॉबिन हे झाड नाही’ या पूर्णपणे खऱ्या वाक्यातही ‘झाड’ला मोठाच फुगवटा आला. उलट ‘रॉबिन हा पक्षी नाही’ या धडधडीत खोट्या वाक्यात ‘पक्षी’ शब्द सुरळीत पार पडला. इंग्रजीत नकार नामाच्या आधी येतो, म्हणजे ‘नाही’ वाचून झालं होतं. तरीही पहिल्या काही शेकडा मिलिसेकंदांत मेंदूने खरंखोटं पाहिलं नाही. रॉबिन आणि पक्षी यांचं जुनं साहचर्य तेवढं त्याने ओळखलं. नकाराचा हिशेब सावकाश झाला.

इंग्रजीत नकार आधी येऊन ही गत, तर मराठीत तो बहुधा वाक्याच्या टोकाला बसतो. तिथे पोहोचेपर्यंत पहिला अंदाज पक्का झालेला असतो. चांगला पेपर काढणारा चुकीचे पर्याय नेमके याच अंदाजासाठी मांडतो: मैत्रीला आपुलकी, पावसाला चिखल, परीक्षेला भीती. म्हणून पर्याय हाताने झाकावेत, वाक्य पूर्णविरामापर्यंत वाचावं, आपल्या मनाने शब्द घालावा आणि मगच हात काढावा, हा क्लासवाल्यांचा सल्ला मला पटतो. पण, तरी, उलट, किंबहुना, इतकंच काय असे शब्द आपण नजरेने ओलांडतो आणि वाक्य तर तेच वळवतात. ‘नापसंती, किंबहुना ______’ इथे आधीच्यापेक्षा तीव्र शब्द लागतो, ‘तिरस्कार’सारखा. ‘नाराजी’ बसत नाही, कारण ती पायरी चढत नाही.

आणखी एक खूण व्याकरणात सापडत नाही, ती कानाने कळते. माणूस खळखळून हसतो आणि ढसाढसा रडतो. अश्रू घळाघळा वाहतात, झरा झुळझुळ वाहतो. टीका कडाडून होते, उपोषण आमरण असतं, मुक्तता निर्दोष असते. ‘ढसाढसा हसला’ यात अर्थाने फारसं काही बिघडत नाही, तरी कान ते नाकारतो. हे नियम पाठ करून येत नाहीत, वाचून आणि ऐकून येतात. दहावीपर्यंत दुसऱ्या माध्यमात शिकलेल्या मुलांची अडचण बहुतेक वेळा इथेच होते, आणि त्यांना व्याकरणाचं पुस्तक हातात देऊन ती सुटत नाही.

संदर्भावर फार भिस्त ठेवणंही बरं नाही. ‘तो उद्विग्न मनाने हसला’ हे वाक्य ‘उद्विग्न’ माहीत नसलेल्याला सरळ फसवतं. ‘हसला’ आहे म्हणजे आनंदी असणार! शाळकरी मुलांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा १९९९ मध्ये घेतला गेला. वाचता वाचता भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी साधारण १५ टक्केच मुलं उचलतात, असं त्यात निघालं. शिवाय संदर्भ वापरायचा तर आधी तो समजायला हवा. हू आणि नेशन या भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांच्या २००० सालच्या अभ्यासात, गोष्ट कुणाच्या मदतीविना नीट कळायला तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात, असं दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत एक अनोळखी. त्याहून जास्त झाले की खुणाच अनोळखी होतात.

गंमत म्हणजे यंत्रांनाही भाषा याच प्रश्नाने शिकवली गेली. २०१८ मध्ये गूगलने ‘बर्ट’ नावाचं भाषा-प्रारूप तयार केलं, तेव्हा त्याच्यापुढे इंग्रजी मजकुराचे डोंगर ठेवले आणि सुमारे १५ टक्के शब्द निवडून बहुतेक झाकून टाकले. प्रशिक्षणाचा मोठा भाग म्हणजे ते ओळखणं. गाळलेल्या जागा भरण्यात बर्ट पटाईत झालं. २०२० मध्ये ॲलिसन एटिंगर यांनी त्याला फिशलरची ती जुनी वाक्यं दिली. ‘रॉबिन हा ______ आहे’ इथे त्याने ‘पक्षी’ लिहिलं. मग ‘रॉबिन हा ______ नाही’ असं विचारलं, तर तिथेही त्याच्या पसंतीच्या उत्तरांत ‘पक्षी’ होतंच.