कमी ऐकू येतं आणि नर्सिंगला प्रवेश मिळालाय? सोयींचा अर्ज असा करा

वर्गात आणि वॉर्डात लागणाऱ्या सोयी मागताना अर्जाला ऑडिओग्राम, म्हणजे श्रवण तपासणीचा आलेख, जोडला की झालं, असं बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं. नर्सिंगमध्ये एवढ्याने भागत नाही.

ऑडिओग्राममध्ये साधारण 250 ते 8000 हर्ट्झचे आवाज तपासतात (हर्ट्झ जितके कमी, तितका आवाज खालच्या पट्टीतला). हृदयाचे ठोके आणि बीपी घेताना ऐकू येणारे आवाज मात्र बहुतांशी 200 हर्ट्झच्या खालचे. श्रवणयंत्र जुळवलेलं असतं ते माणसाच्या बोलण्यासाठी. त्यामुळे नुसता आलेख पाहून हा विद्यार्थी साध्या स्टेथोस्कोपने बीपी घेऊ शकेल की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ऑडिओलॉजिस्टचं, म्हणजे श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञाचं, पत्र. त्यांच्याकडे जाताना कॉलेजची प्रात्यक्षिकांची यादी सोबत न्या. ‘श्रवणदोष आहे, सहकार्य करावे’ या ओळीचा काही उपयोग नाही. ‘ओठ दिसले तर बोलणं समजतं, मास्कमागून समजत नाही, फोनवर दिलेल्या औषधाच्या सूचना लेखी मिळाव्यात’ असं लिहिलेलं असेल तर कॉलेजला नेमकं काय करायचं ते कळतं. बाकी कागद नेहमीचेच: अलीकडचा ऑडिओग्राम, प्रवेशाचा पुरावा, असल्यास अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि आधीच्या परीक्षांत मिळालेल्या सवलतींचं पत्र.

पात्र कोण? जागतिक आरोग्य संघटना चांगल्या कानात 35 डेसिबलपेक्षा जास्त दोष असला की त्याला अपंगत्व आणणारा श्रवणदोष म्हणते. पण एकाच कानाने ऐकू येणाऱ्यालाही गजबजलेल्या वॉर्डात अडचण येते, तेव्हा आकडा कमी आहे म्हणून अर्ज टाळू नका. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारानुसार, संस्थेवर अवाजवी बोजा पडत नसताना सोय नाकारणं हा भेदभाव ठरतो.

वर्गासाठी कॅप्शन (बोलणं पडद्यावर अक्षरांत दिसणं), सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा शिक्षकाच्या गळ्यात अडकवायचा माइक मागता येतो. वॉर्डासाठी पारदर्शक मास्क, कंप पावणारा अलार्म, लेखी हँडओव्हर (ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्याला देणं) आणि आवाज वाढवणारा स्टेथोस्कोप मागा. हा स्टेथोस्कोप घेण्याआधी वापरून पाहाच. कानात घालायचा असेल तर प्रत्येक पेशंटपाशी श्रवणयंत्र काढा, पुन्हा लावा, हे ड्युटीवर जमत नाही. हेडफोन किंवा ब्लूटूथने जोडला जाणारा बरा. पडद्यावर आवाजाच्या लहरी दिसत असतील तर आणखी सोयीचं. सगळ्यात अवघड जागा ऑपरेशन थिएटर, कारण तिथे सगळ्यांचेच चेहरे झाकलेले. त्याबद्दल अर्जात वेगळा परिच्छेद लिहा.

प्रवेश पक्का होताच अर्ज द्या, वॉर्डातल्या पोस्टिंगची वाट पाहू नका. रुग्णालय ही वेगळी संस्था असते, तिथल्या सोयी स्वतंत्रपणे ठरवाव्या लागतात. तुमचे वैद्यकीय कागद वॉर्डापर्यंत जायची गरज नसते. प्रभारी सिस्टरांना फक्त मंजूर सोयींची यादी पुरते.

सोय मिळाली म्हणून परीक्षा सोपी होत नाही: बीपीचा आकडा बरोबरच यायला हवा, तो कोणत्या साधनाने घेतला एवढाच फरक. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. अपील करताना तोच कागद लागतो.