एक उदाहरण, अनेक रीती: तुलनेची पार्श्वभूमी

एकाच उदाहरणाच्या दोन-तीन रीती फळ्यावर शेजारी शेजारी मांडून मुलांना त्या तोलायला लावणे ही अलीकडची कल्पना वाटते, पण तिचा निम्मा भाग फार जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) १३५ ला १२ ने गुणण्याचे उदाहरण आहे. १२ चे ८ आणि ४ असे भाग पाडून येणारे १०८० व ५४० मिळवावेत, किंवा आधी ३ ने आणि मग ४ ने गुणावे, किंवा २० पटीच्या २७०० मधून आठपट, म्हणजे १०८०, वजा करावी. कोणत्याही वाटेने उत्तर १६२०च येते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापल्याचे चाळीसगावजवळील पाटणचा शिलालेख सांगतो.

मात्र अनेक रीती सांगणे वेगळे आणि कोणती रीत कुठे सोयीची हे मुलांकडून ठरवून घेणे वेगळे. हा दुसरा भाग जपानी शाळांत जाणीवपूर्वक घडला. तेथे शिक्षक बाकांमधून फिरत कोणी काय केले हे टिपतात, त्यातल्या कोणत्या रीती कोणत्या क्रमाने फळ्यावर घ्यायच्या हे ठरवतात आणि मग चर्चा घडवतात. या टप्प्याला ‘नेरिआगे’, म्हणजे कणकेसारखे मळून काढणे, असे समर्पक नाव आहे. १९९५च्या आंतरराष्ट्रीय चित्रफीत-अभ्यासात जर्मनी, जपान व अमेरिकेतील आठवीच्या गणिताच्या २३१ तासिका चित्रित झाल्या आणि ही पद्धत जगासमोर आली.

तिचा नेमका कस लागला तो अमेरिकी संशोधक बेथनी रिटल-जॉन्सन व जॉन स्टार यांच्या २००७च्या प्रयोगात. ३(क्ष + १) = १५ यासारख्या समीकरणात आधी कंस सोडवावा, की दोन्ही बाजूंना ३ ने भागून थेट क्ष + १ = ५ वर यावे? सातवीच्या ७० मुलांपैकी काहींनी अशा रीती शेजारी ठेवून पाहिल्या, इतरांनी एकामागून एक. तुलना करणाऱ्यांची समीकरणे सोडवण्याची हातोटी आणि लवचिकता, म्हणजे प्रसंग पाहून सोयीची रीत निवडण्याची क्षमता, अधिक वाढली. संकल्पनांच्या समजेत मात्र फरक दिसला नाही, हे उत्साही पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत.

त्याच संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक मर्यादा दाखवली: ज्यांना बीजगणिताची एकही रीत आधी येत नव्हती, त्या मुलांना रीतींची तुलना फारशी लाभली नाही, त्यांना उदाहरणे एकेक करून पाहणेच अधिक मानवले.