पाळकनिवास व मिशनच्या जमिनी (बेळगाव सीमाभाग)

ख्रिस्ती मंडळी आपल्या धर्मगुरूला पदावर असेपर्यंत जे घर राहायला देते ते पाळकनिवास. बेळगाव-खानापूरकडे कॅथलिक त्याला ‘फादरचं घर’ म्हणतात, प्रॉटेस्टंट ‘पास्टरचा बंगला’. चर्चचे आवार, दफनभूमी, शाळा, भाड्याच्या खोल्या आणि कुठे कुठे शेतजमीन यांचा कारभार बहुधा त्याच घरातून चालतो.

लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकन मेथडिस्टांकडे आले, आणि मिशनच्या जागाही त्यांच्याकडे गेल्या. मेथडिस्ट पाळकाची नेमणूक बिशप करतो आणि बदलीही तोच करतो. त्यामुळे बंगला भरलेलाच राहतो, बदलतो तो राहणारा. दक्षिण भारत मंडळी (सीएसआय) या प्रॉटेस्टंट मंडळीच्या मिळकती १९४७ पासून तिच्या ट्रस्ट असोसिएशनच्या, म्हणजे मिळकती धारण करणाऱ्या संस्थेच्या, नावे ठेवण्याची पद्धत आहे. म्हणजे गळके कौल बदलायला वर्गणी गावची मंडळी काढते, मालकीचा कागद मात्र दूरच्या कार्यालयात असतो. बहुतेक तंटे याच अंतरातून उद्भवतात.

कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा प्रदेश, १९५३ मध्ये स्थापन झाला. कॅथलिक धर्मनियमांनुसार (१९८३) धर्मगुरूने चर्चजवळच्या घरात राहावे, प्रत्येक पॅरिशला (स्थानिक मंडळीला) अर्थसमिती असावी आणि कारभार हाती घेताना चीजवस्तूंची यादी सहीनिशी करावी. ही यादी कंटाळवाणी खरी, पण कपाट कुणाचे आणि पंप कुणाचा हे नंतर तिच्यावरूनच ठरते. ठरावीक रकमेपुढची विक्री बिशपच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही.

सीमाभागाचे वेगळेपण कायद्यात दिसते. १९५६ मध्ये बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेले, तरी १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा कर्नाटकाच्या ‘बेळगाव क्षेत्रा’त पुढे दीर्घकाळ लागू राहिला. या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेला स्थावर मिळकत विकायची असेल, किंवा शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि इतर जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागत असे. विश्वस्त बदलले की ‘बदल अर्ज’ भरावा लागे. तो राहून गेला तर पुढे मंजुरी मागायला जाणाऱ्याचे नाव नोंदवहीत सापडत नसे. महसुली कागद मात्र कर्नाटकाचे. उतारा, म्हणजे पहाणी, कानडीत निघतो. मराठी मंडळीत तो वाचून सांगणारा एखादा निवृत्त मास्तर कमिटीवर असतोच.

बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, मिळकतींचा प्रकार निराळा. छावणीतले अनेक जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत: जमीन सरकारची, इमारत धारकाची. अशा मिळकतीचा शोध सिटी सर्व्हेत नव्हे, छावणीच्या जनरल लँड रजिस्टरमध्ये घ्यायचा असतो, आणि नोंद तशी असेल तर जमीन विकण्याचा प्रश्नच उरत नाही.

शेतजमिनींचे चित्र १ मार्च १९७४ पासून पालटले. सुधारित कर्नाटक भूसुधारणा कायद्याने कुळांकडच्या जमिनी सरकारकडे आल्या आणि फॉर्म नंबर ७ भरून कुळांना त्यांवर हक्क मागता आला. त्यामुळे जुन्या मिशन नकाशावरचे शेत आज चर्चचेच असेल, असे धरून चालत नाही.

घर पदाचे असल्याने निवृत्त पाळकाला, तो वारला तर त्याच्या कुटुंबाला, ते सोडावे लागते. नवा पाळक दाराशी आणि जुन्यांचे सामान अजून आतच, अशी वेळ येते. मुदत किती द्यायची आणि तोवर वीजबिल कुणी भरायचे, याचा ठराव कमिटीने आधीच लिहून ठेवलेला बरा.