‘अमालेक’ म्हणजे पॅलेस्टिनी, हे धर्मग्रंथात कुठे आहे?

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी नेतन्याहूंनी गाझा युद्धावरच्या भाषणात ‘अमालेकने तुझं काय केलं ते लक्षात ठेव’ हे वचन उच्चारलं. तेव्हापासून ‘पॅलेस्टिनींना संपवा अशी ज्यू धर्माचीच आज्ञा आहे’ हा दावा नव्या जोमाने फिरतोय. तो चुकीचा आहे.

हे वचन बायबलमधल्या ‘अनुवाद’ (Deuteronomy) या पुस्तकातलं, २५:१७. इजिप्तमधून निघालेल्या, थकूनभागून मागे पडलेल्या लोकांवर हल्ला करणाऱ्या अमालेक नावाच्या एका प्राचीन टोळीबद्दलचं. पॅलेस्टिनींचा त्यात उल्लेखच नाही. बायबलमधल्याच ‘१ शमुवेल’ या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात या टोळीच्या बायका-मुलांनाही मारण्याचा हुकूम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्यू धर्माचरण नुसत्या बायबलवर चालत नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहाच्या यादायिम भागात (४:४) रब्बी (ज्यू धर्मपंडित) यहोशुआ अम्मोनी या दुसऱ्या एका प्राचीन लोकसमूहाबाबत सांगतात की अश्शूरी राजा सन्हेरीबने सगळी राष्ट्रं एकमेकांत मिसळून टाकली. पुढच्या अनेक रब्बींनी हाच न्याय अमालेकला लावला: आज अमालेकी कोण हे ओळखताच येत नाही, म्हणून आज्ञा अमलात आणता येत नाही. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीस या ज्यू धर्मपंडिताने तर अमालेकसमोरही आधी तहाचा प्रस्ताव ठेवायला सांगितलंय.

विसाव्या शतकातल्या काही रब्बींनी मात्र ज्यूंचा नाश करू पाहणाऱ्या कोणत्याही राष्ट्राला अमालेक मानलं. याचा गैरवापर खरा आणि भयंकर आहे. २५ फेब्रुवारी १९९४ला, पुरिमच्या दिवशी (अमालेकचा वंशज मानल्या जाणाऱ्या हामानपासून ज्यू वाचले, त्याचा हा सण), वेस्ट बँकमधल्या हेब्रॉनच्या मशिदीत बारुख गोल्डस्टाइन या ज्यू अतिरेक्याने २९ नमाजींना ठार केलं. २०२३च्या त्या भाषणाबाबत मात्र, रोख हमासवर होता असा खुलासा नेतन्याहूंच्या कार्यालयाने नंतर केला. ‘रब्बीज फॉर ह्यूमन राइट्स’सारख्या संघटना पॅलेस्टिनींच्या हक्कांसाठी त्याच तोराहचा (‘अनुवाद’ ज्यात येतं त्या ज्यू धर्मग्रंथाचा) आधार घेतात.